चौकशीबाईंचं कपाट

मावशीला चौकशीबाई हे नाव मामानं पाडलं. एकतीस वर्षं ती टेलिफोनच्या कचेरीत चौकशीच्या टेबलावर होती. लोक फोन करून नाव सांगायचे, ती नंबर सांगायची. दोनदा सांगायची, दुसऱ्यांदा सावकाश. "लिहून घ्या, परत सांगते," हे वाक्य तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरात कुणी किती वाजले विचारलं तरी ती दोनदा सांगायची. मामा म्हणायचा, "चौकशीबाई, एकदाच सांगा, आम्ही बहिरे नाही." तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, याची चौकशी मात्र कुणी केली नाही.

तिच्याइतकी स्मरणशक्ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. माझ्या शाळेच्या ऑफिसचा नंबर तिला अजून पाठ आहे, शाळा बंद पडून वीस वर्षं झाली. पण स्वतःच्या डोक्यावर तिचा भरवसा नव्हता, यादीवर होता. टेबलाशी एक वही असायची: तारीख, वेळ, कुणी काय विचारलं, कुणाला काय सांगितलं. निवृत्त झाल्यावर तिनं तशीच वही घरी सुरू केली. दूधवाल्याला काय सांगितलं, नळदुरुस्तीवाला काय म्हणाला, सगळं त्यात. मामी म्हणायची, "वन्सं, आमच्यावर खटला भरणार आहात की काय?" मावशी हसायची. तेव्हा सगळेच हसायचे.

निवृत्त होताना कचेरीनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तिनं उचलून आणला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पुस्तकं वाचून, मला फोन करकरून, तिनं त्याचं घरासाठी एक कोठार केलं. जिन्याखाली, चपलांच्या मांडणीच्या वर तो ठेवला. त्याला ना पडदा ना कीबोर्ड. नुसता एक हिरवा दिवा आणि राउटरकडे जाणारी एक वायर. नाव ठेवलं कपाट. घरातल्या चारही कॉम्प्युटरवरून कपाट असं टाइप केलं की ते उघडायचं, आणि आत सगळ्यांचं सगळं: घराचे कागद, मामाचे दवाखान्याचे रिपोर्ट, पोरांच्या मार्कशिटा, आजीचे फोटो. प्रत्येक कागद तिनं स्वतः स्कॅन केलेला, तारखेसकट.

इथं थोडं माझ्या धंद्याचं सांगावं लागेल. मी कचेऱ्यांमधून कॉम्प्युटरच्या वायरी टाकते, बिघडलेलं नेटवर्क दुरुस्त करते. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो आणि ती एकमेकांना त्या नंबरानंच ओळखतात. कपाट हे नाव आपल्या सोयीसाठी. नावावरून नंबर कुणीतरी काढून द्यावा लागतो, म्हणजे मावशीचीच नोकरी. हल्ली हे काम आपोआप होतं, पण आपोआप होणाऱ्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक छोटी यादी असते. नाव त्या यादीत सापडलं की कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला विचारायला जात नाही. मावशीनं चारही याद्यांत स्वतःच्या हातानं ओळ लिहिली: कपाट, नंबर अमुक अमुक वीस. आणि राउटरलाही सांगून ठेवलं, की वीस हा आकडा कपाटाचा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. सहा वर्षं एकही दिवस खाडा नाही.

मग माझ्या मामेभावानं नवा राउटर आणला. त्याला मी साहेब म्हणते. विम्याच्या कचेरीत हाताखाली दोन माणसं आली तेव्हापासून घरातही तो उभ्यानंच हुकूम सोडतो. उंटावरचा शहाणा, दुसरं काय. जुना राउटर हळू चालतो म्हणून नवा आला, तो वरच्या मजल्यावर त्याच्या खोलीत बसला, आणि त्याचा पासवर्ड साहेबांच्या खिशात गेला.

दहाबारा दिवसांनी मामाच्या छातीत दुखलं. फार नाही, पण डॉक्टरांनी दाखल करून घेतलं आणि सहा वर्षांपूर्वीचा हृदयाचा आलेख मागितला. तेव्हाही असंच काहीतरी झालं होतं, जुनं-नवं ताडून बघायचं होतं. मावशी म्हणाली, "कपाटात आहे. मीच ठेवलाय." साहेबांनी नाव टाइप केलं. उघडेना. मामीच्या कॉम्प्युटरवर केलं, उघडेना. मावशी म्हणाली, "नंबर बघ आधी." साहेबांनी तिला बाजूला केलं आणि कुठल्याशा व्हिडिओत शिकलेली युक्ती केली. नावानं हाक मारून बघायची, पलीकडून उत्तर येतं का ते पाहायचं. उत्तर आलं. झटक्यात आलं. साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "आत्या, तुझं कपाट चालू आहे. उत्तर देतंय. आत काही नाहीये, एवढंच."

त्या एका वाक्यानं मावशीचं घर गेलं.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या, ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. मामा त्या आठवड्यात दोनदा घाबराघुबरा झाला. मामी बाहेरच्या बाकावर बसून जाईल येईल त्याला सांगत होती, की वन्संनी कागद ठेवलेच नव्हते, ठेवलेत असं त्यांना वाटतंय. घराचे कागद नाहीत, फोटो नाहीत, काहीच नाही. सहा वर्षं त्या नुसत्या ठेवल्यासारखं करत होत्या. आधी ती हे रागानं म्हणत होती. चारपाच दिवसांनी दयेनं म्हणायला लागली. दया जास्त वाईट, रागावर निदान उलट बोलता येतं.

आणि मी? मावशीनं मला फोन केला होता. मी एका कचेरीत शिडीवर होते, छताच्या पोकळीत हात घालून. ती म्हणाली, "अगं, कपाट उघडत नाहीये. एकदा येऊन बघशील का?" मी म्हटलं, "राउटर बंद करून चालू करा." हे उत्तर मी दिवसातून दहा जणांना देते, त्यांना गप्प करायला. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "परत फोन करू का?" मी म्हटलं, "मीच करते." मी केला नाही. तीन महिने केला नाही. साहेबांना शिव्या घालताना हे मी विसरत नाही, आणि कुणी विसरूही नये.

त्या तीन महिन्यांत घरानं तिला वेडी ठरवायचं काम मन लावून केलं. गॅस तिनंच चालू ठेवला, किल्ली तिनंच हरवली, भांडं तिनंच फोडलं. एकदा संशय बसला की राईचा पर्वत व्हायला वेळ लागत नाही. जिन्याखाली जायला तिला बंदी झाली. "आत्या, आता हात लावू नकोस, आणखी बिघडवशील." मग तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. ती बरोबर उतरत गेली. मग विचारलं, परवा रात्री काय जेवलात. मामी शेजारी बसून तिच्याकडे बघत होती. मावशी गडबडली. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं थोडंफार होतं. घरी येईपर्यंत त्या थोडंफारचा आजार झाला होता, आणि महिन्याभरात गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात एक खाट ठरली.

मला कळलं ते मामीच्या फोनवरून. "रविवारी ये, वन्संना भेटून जा. पुढच्या आठवड्यात त्या तिकडे राहायला जाणार आहेत. त्यांच्याच भल्यासाठी गं." मी कारण विचारलं. तिनं कपाटाची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. "नावानं उत्तर येतं, पण आत काही नाही," हे ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. अशी भानगड मी धंद्यात पन्नासदा पाहिली आहे.

रविवारी सकाळी मी हत्यारांची पिशवी घेऊनच गेले. मावशी मागच्या खोलीत होती, जिच्या खिडकीतून शेजारची भिंत दिसते ती. पलंगावर बॅग उघडी होती आणि ती कपड्यांच्या घड्या मोजून यादी करत होती. वाळली होती. मला बघून म्हणाली, "आलीस? बस. चहा करायला मला परवानगी नाही, मामीला सांगते." म्हणताना हसली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

मी तिचा कॉम्प्युटर उघडला. कपाट टाइप केलं, उघडलं नाही. नावानं हाक मारली, उत्तर आलं. मग जिन्याखाली गेले, कपाटाचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याची वायर मी उपटली आणि हातात धरूनच खोलीत परत आले. पुन्हा हाक मारली.

उत्तर आलं.

"मावशी," मी म्हटलं, "कपाटाची वायर माझ्या हातात आहे. मग उत्तर कोण देतंय?"

ती उठली. चष्मा लावला, माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं टेबलावर बसलेली बाई होती ती. चुकीच्या घरी फोन लागला की पलीकडच्या माणसाच्या एका शब्दावरून तिला कळायचं. हळूच म्हणाली, "वीस दुसऱ्या कुणाला दिलाय."

मग आम्ही दोघी घरभर हिंडलो. मी एकेक यंत्र बंद करत गेले, ती पडद्यासमोर बसून ओरडत होती, "येतंय... येतंय... अजून येतंय." प्रिंटर बंद केला, येतंय. साहेबांच्या बायकोचा लॅपटॉप, येतंय. शेवटी मी दिवाणखान्यात जाऊन टीव्हीचं बटण भिंतीतूनच बंद केलं. मामीची मालिका ऐन रंगात होती. "अगं बाई, हे काय!" मामी किंचाळली, आणि आतून मावशीचा आवाज आला, "थांबलं!"

टीव्ही. तीन महिने कपाटाच्या नावानं टीव्ही उत्तर देत होता. नव्या राउटरनं वीस हा आकडा त्याला देऊन टाकला होता आणि कपाटाला दिला होता चौदा. चारही याद्यांत मात्र वीसच लिहिलेलं, म्हणून प्रत्येक कॉम्प्युटर इमानदारीत टीव्हीचं दार ठोठावत होता. टीव्ही म्हणत होता, आहे मी. कागद कुठून देणार तो? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काही नाही. मी वायर परत जोडली, नावाऐवजी चौदा नंबर घातला. कपाट उघडलं. आत चार कप्पे: घर, दवाखाना, शाळा, आई. दवाखान्यात मामाचं नाव, त्यात सहा वर्षांपूर्वीची तारीख, त्यात आलेख. स्कॅन सरळ, कोपरे न दुमडलेले.

मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं होतं, रडेल नाहीतर ओरडेल. ती आलेखाकडे नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी खरंच ठेवला होता."

मग तिनं उशीखालून वही काढून दिली. तारखेवरून पान सापडलं. "नवा राउटर बसला. भाच्याला सांगितलं, वीस आकडा कपाटासाठी बांधून ठेव. दोनदा सांगितलं. हो म्हणाला." दहाबारा दिवसांनंतर: "कपाट उघडत नाही. भाच्याला विचारलं, वीस बांधलास का. म्हणाला, तू मला असं काही सांगितलंच नव्हतंस." त्याच्याखाली वेगळ्या पेनानं: "सांगितलं होतं." डॉक्टरकडे जाऊन आल्याच्या दिवशी: "सांगितलं होतं असं वाटतं." आणि मागच्या आठवड्यात, अक्षर बारीक झालेलं: "कदाचित सांगितलं नसेल."

"ही वही दाखवली का नाहीस कुणाला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"माझ्याच हातचं लिहिलेलं ना ते," ती म्हणाली. "ज्या डोक्यावर संशय, त्याच डोक्याचा दाखला कोण मानणार?"

वही घेऊन मी वर गेले. साहेब आरशासमोर दाढी करत होते. मी पान समोर धरलं, टीव्हीची गोष्ट सांगितली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही, असंही म्हटलं. त्यानं तोंड पुसलं, पान वाचलं, आणि अगदी सहज म्हणाला, "असेल. सांगितलं असेल. तेव्हा कामाची इतकी गडबड होती, राहून गेलं. माणूस आहे, विसरतो."

तो विसरला तर कामाची गडबड. ती विसरली नव्हती तरी आजार. जिना उतरताना आला तितका संताप मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नाही.

दुपारी सगळे दिवाणखान्यात बसलो. मी म्हटलं, आता जायचं कारणच उरलेलं नाही. मामी म्हणाली, "कागद सापडले, चांगलंच झालं. पण गॅसचं काय? किल्लीचं काय? आणि नातवाला अभ्यासाला मागची खोली कबूल केलीय, त्याचं टेबल येतंय बुधवारी." ते टेबल गॅस आणि किल्लीपेक्षा जड होतं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मी मामाकडे पाहिलं. घर आजोबांचं, म्हणजे जितकं त्याचं तितकं तिचं. मामा छातीवरच्या टाक्यांच्या खुणेवर हात ठेवून बसला होता. म्हणाला, "ताई, झालं ते झालं. तुला काय वाटतं?" लहानपणी त्याला पाठीवर घेऊन शाळेत पोचवणाऱ्या बहिणीसाठी त्याला एवढंच सुचलं.

मी मावशीला म्हटलं, "माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे दोन खोल्या आणि एक सासू आहे," ती म्हणाली. "चौकशी करूनच बोलते मी." मग सगळ्यांसमोर, शांतपणे म्हणाली, "आज हे सापडलं. उद्या दुसरं काहीतरी सापडणार नाही. तेव्हा रविवार असेलच असं नाही, आणि तू शिडीवर असशील." मी खाली मान घातली.

तिनं त्या संध्याकाळी साहेबांकडून पासवर्ड मागून घेतला, माझ्याकडून राउटरमध्ये वीस आकडा कपाटाच्या नावानं पुन्हा बांधून घेतला आणि टीव्हीला तिसराच आकडा दिला. चारही कॉम्प्युटरवरून उघडून पाहिलं. मग एका कागदावर मोठ्या अक्षरात नाव आणि पूर्ण नंबर लिहून साहेबांच्या हातात दिला. "नीट ठेव. परत सांगते, नीट ठेव." बुधवारच्या आधी, मंगळवारी सकाळी ती गेली. बॅगेत कपड्यांची यादी वरच ठेवली होती.

मी आता दर रविवारी जाते. वरातीमागून घोडं, पण जाते. तिथं सहा खाटांची एक खोली आहे, तिची खिडकीजवळची. तिथल्या बायकांच्या गोळ्यांच्या वेळा, त्यांच्या पोरांचे नंबर, सगळं तिला पाठ आहे. पण विचारलं की आधी वही उघडते, मग सांगते. आधी असं नव्हतं.

परवाच्या रविवारी मी तिच्या खाटेवर बसले होते आणि साहेबांचा फोन आला. नवीन लॅपटॉप घेतला होता, त्यावर कपाट हे नाव चालेना. चालणार कसं, त्याच्या यादीत ती ओळ लिहायला कोण होतं? घराचे कागद आजच्या आज हवे होते. "तो नंबर काय होता गं? आत्यानं दिलेला कागद कुठं गेला कुणास ठाऊक. तिलाच विचार ना, तिला पाठ असेल."

फोनचा आवाज मोठा होता, तिला सगळं ऐकू गेलं. माझ्या जिभेवर काय काय आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मी बोलायच्या आत तिनं हात पुढे करून फोन घेतला, पाठ सरळ केली, आणि चौकशीच्या टेबलावरचा तो आवाज, जो मी लहानपणापासून ऐकला नव्हता, तिच्या गळ्यातून निघाला.

"लिहून घ्या. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, वीस. परत सांगते. एकशे ब्याण्णव. एकशे अडुसष्ट. एक. वीस."

पलीकडून "हं, उघडलं" एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. तिनं तो माझ्या हातात दिला आणि माझ्या बाहीला धरून हळूच विचारलं, "बरोबर सांगितला ना गं मी? वहीत बघतेस का एकदा?"

वही उशाशीच होती. मी बघितलं नाही.